तिलावाची चांदी, तिलावाची माणसं

२० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबई बंदरातून ‘तिलावा’ नावाची आगबोट मोंबासामार्गे डर्बनला निघाली. बोटीवर ७३२ उतारू होते, २२२ अधिकारी आणि खलाशी होते, शिवाय तोफ सांभाळायला चार गोलंदाज. पोटात सुमारे साडेसहा हजार टन माल होता आणि त्यात साठ टन चांदी होती, २,३६४ विटांच्या रूपात. तीन दिवसांनी, २३ तारखेच्या पहाटे, सेशेल्सच्या ईशान्येला नऊशे मैलांवर एका जपानी पाणबुडीने तिला बुडवलं. २८० माणसं गेली. ती चांदी अडीच किलोमीटर खोल तळावर पंच्याहत्तर वर्षं पडून होती. २०१७ मध्ये ती वर काढून इंग्लंडला नेण्यात आली. मग ती कोणाची, यावर लंडनच्या न्यायालयांत खटला चालला आणि २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानच्या बंदरांतून चांदी घेऊन निघालेल्या आणि वाटेत बुडालेल्या तीन बोटींचा तळ गेल्या पंधरा वर्षांत सापडला आहे. ‘गेरसप्पा’ कलकत्त्याहून निघाली होती. ‘सिटी ऑफ कैरो’ आणि ‘तिलावा’ या दोन्ही मुंबईच्या. तिघींचा शोध चांदीसाठी झाला. चांदी नसती तर एवढ्या खोलवर कोणी उतरलंच नसतं, हे आधीच मान्य केलं पाहिजे. पण या बोटींबद्दल जे जे छापून आलं ते वाचत गेलं, की एक गोष्ट खुपायला लागते. विटांचा आकडा शेवटच्या विटेपर्यंत मिळतो. माणसं मात्र ‘इतके उतारू, इतके खलाशी’ एवढ्यावर संपतात. या तिन्ही बोटींचा इतिहास, त्यांच्यापर्यंत पोचण्याची विद्या आणि त्यांच्यावरच्या हक्काचा प्रश्न असा सगळा आढावा एकत्र घ्यावासा वाटला, तो या खुपण्यातून.

तिलावा ब्रिटिश इंडिया कंपनीची, म्हणजे आपल्या जुन्या लोकांच्या तोंडी ‘बीआय’ची बोट. १९२४ साली बांधलेली, दहा हजार टनांची. मुंबई ते आफ्रिका ही तिची नेहमीची वाट. केनिया, टांगानिका, मोझांबिक, दक्षिण आफ्रिका इथे दुकानं टाकून बसलेली हिंदी कुटुंबं याच बोटींनी गावी यायची आणि परत जायची. त्या नोव्हेंबरच्या फेरीतही बायकापोरांसह चाललेली कुटुंबं होती. ‘छोडो भारत’ला जेमतेम साडेतीन महिने झाले होते. सिंगापूर आणि रंगून फेब्रुवारी-मार्चमध्येच पडलं होतं. हिंदी महासागरात जपानी पाणबुड्या फिरत होत्या. तरी माणसं निघालीच, कारण कोणाचं दुकान तिकडे होतं, कोणाचा नवरा तिकडे होता.

पहिला टॉर्पेडो पहाटे दोनच्या सुमारास लागला. गाढ झोपेची वेळ आणि अंधार. डेकवर एकच गर्दी उसळली. जीवरक्षक नावा उतरवताना, त्यांत शिरताना आणि समुद्रात पडून कित्येक जण तेव्हाच गेले. पण बोट लगेच बुडाली नाही. ती तरंगत राहिली, आणि नावांतल्या काही माणसांना वाटलं की आता ही टिकेल. त्यांतली काही परत बोटीवर चढली. त्यानंतर दुसरा टॉर्पेडो आला आणि बोट गेली. तिलावाच्या हकिकतीतला हाच भाग मला सर्वांत जड वाटतो. समुद्रात हेलकावणाऱ्या लहानशा नावेपेक्षा ओळखीची मोठी बोट सुरक्षित वाटणं किती साहजिक आहे! मुलं कडेवर असताना कोणीही तेच केलं असतं.

वाचलेल्या ६७८ जणांपैकी बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश क्रूझरने आणि चौघांना ‘कार्थेज’ने उचललं, तेही दोन-दोन दिवस समुद्रात काढल्यावर. २७ नोव्हेंबरला बर्मिंगहॅम त्यांना घेऊन मुंबईला आली. जिथून निघाले तिथेच ते आठवड्याने पुन्हा उतरले, कोणी एकटं, कोणी अर्धं कुटुंब घेऊन.

तिलावा बुडवणाऱ्या पाणबुडीचं नाव आय-२९, आणि तिचा कप्तान इझु जुइची. या पाणबुडीचं नाव भारतीय वाचकाने दुसरीकडेही वाचलेलं असतं. नेताजी सुभाषचंद्र बोस फेब्रुवारी १९४३ मध्ये कीलहून जर्मन यू-१८० मधून निघाले. एप्रिलच्या अखेरीस मादागास्करच्या आग्नेयेला, खवळलेल्या समुद्रात, ते आणि त्यांचे सहकारी आबिद हसन रबरी तराफ्यावरून ज्या जपानी पाणबुडीत गेले ती हीच आय-२९. तेव्हाही इझुच कप्तान होता. तिने त्यांना सुमात्राजवळच्या साबांगला पोचवलं. आपल्याकडे या प्रवासावर भरभरून लिहिलं गेलं आहे, आणि तो प्रवास आहेच तसा अचाट. पण त्याच पाणबुडीने पाच महिने आधी आपल्याच २८० माणसांना जलसमाधी दिली होती, हे त्या लिखाणात फारसं येत नाही. यातून नेताजींवर काही आरोप करायचा नाही. एकच पोलादी नळकांडं एका घराला शोक देऊन गेलं आणि एका देशाच्या इतिहासात सन्मानाने नोंदलं गेलं, एवढं खरं आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहिल्या गेल्या पाहिजेत. पुढे जुलै १९४४ मध्ये फिलिपाइन्सजवळ अमेरिकी पाणबुडी ‘सॉफिश’ने आय-२९ बुडवली. तेव्हा तिच्यावरचा फक्त एक जण वाचला.

आता चांदीकडे वळू. युद्धकाळात एवढी चांदी समुद्रावरून का फिरत होती? जुना चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात सोळा आण्यांत जवळपास पंधरा आणे शुद्ध चांदी. १९४० साली सरकारने नव्या रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि राणीछापपासूनची जुनी नाणी टप्प्याटप्प्याने व्यवहारातून परत घ्यायला सुरुवात केली. घराघरांतून, सावकारांच्या पेट्यांतून परत आलेली ही चांदी सरकारजमा झाली. युद्ध चालवायला लंडनला चांदी हवी होती आणि इतर देशांच्या टांकसाळींनाही. तिलावावरची चांदी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने प्रिटोरियाच्या टांकसाळीत नाणी पाडण्यासाठी विकत घेतली होती. सिटी ऑफ कैरोवर तर विटाही नव्हत्या. थेट रुपयेच होते, दोन हजार पेट्यांत भरलेले, सुमारे शंभर टन. तोळ्याच्या हिशेबाने ते ऐंशी-पंच्याऐंशी लाख रुपये होतात. आपल्या आज्या-पणज्यांच्या पदराच्या गाठीत कधीकाळी बांधले गेलेले रुपये त्यांत असतील, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

सिटी ऑफ कैरो १ ऑक्टोबर १९४२ ला मुंबईहून सुटली. डर्बन, केपटाउन करून ब्राझीलमार्गे इंग्लंडला जाणार होती. ६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, सेंट हेलेना बेटाच्या दक्षिणेला पाचशे मैलांच्या आत, जर्मन यू-६८ ने तिला गाठलं. पहिल्या टॉर्पेडोनंतर लोकांना नावांत उतरायला पाणबुडीने वेळ दिला आणि मगच दुसरा सोडला. त्यामुळे बुडताना थोडेच गेले. पाणबुडी वर आली. कप्तान कार्ल-फ्रिडरिश मेर्टनने नावांतल्या लोकांना जवळची जमीन कुठे आहे ते सांगितलं, शुभरात्री म्हटलं, बोट बुडवल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि तो निघून गेला. हा प्रसंग पुढे खूप गाजला, एका पुस्तकाचं शीर्षकही झाला. शत्रूतल्या सौजन्याचा नमुना म्हणून तो सांगितला जातो. मला तो प्रसंग तिथे थांबवता येत नाही, कारण खरं मरण त्यानंतर सुरू झालं. सहा नावा, विशाल दक्षिण अटलांटिक, आणि सेंट हेलेना म्हणजे नकाशावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. तीन नावांना ‘क्लॅन अल्पाइन’ या बोटीने तेरा दिवसांनी सेंट हेलेनाला पोचवलं. एक नाव दुसऱ्या बोटीने उचलली. एका नावेतल्या तिघांना पाच आठवड्यांनी एका जर्मन बोटीने उचललं. ती जर्मन बोटही पुढे १९४३ च्या पहिल्याच दिवशी बुडवली गेली. आणखी एक नाव एक्कावन्न दिवस वाहत जाऊन ब्राझीलच्या नौदलाला सापडली. निघताना तिच्यात सतरा जण होते, सापडली तेव्हा दोन जिवंत होते. एकूण मृत १०४. पाण्याचे घोट मोजून वाटताना आणि सकाळी शेजारचा माणूस गार झालेला पाहताना आलेल्या या मरणात मोठा वाटा हिंदी खलाशांचा होता.

तिसरी बोट गेरसप्पा. जोगच्या धबधब्याला ज्या गावाचं नाव लागतं त्या गेरसप्प्यावरून बीआयने हे नाव ठेवलं होतं. डिसेंबर १९४० मध्ये ती कलकत्त्याहून बीड, चहा आणि चांदी घेऊन निघाली. फ्रीटाउनपासून जहाजांच्या तांड्याबरोबर होती, पण फेब्रुवारीत वादळाने कोळसा पुरेना, म्हणून तांडा सोडून एकटीच आयर्लंडच्या गॉलवेकडे वळली. १६-१७ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री यू-१०१ ने तिला बुडवलं. ८६ जणांपैकी एकच जगला, दुय्यम अधिकारी रिचर्ड आयर्स. तेरा दिवस उघड्या नावेत काढून तो कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला लागला.

आता या तळापर्यंत जाण्याची गोष्ट. आपल्याकडे डायव्हिंग म्हटलं की तारकर्ली-मालवणचं स्कूबा डोळ्यांसमोर येतं. हौशी पाणबुड्याची हद्द साधारण चाळीस मीटर. खास वायुमिश्रणं आणि कसून प्रशिक्षण घेतलेले लोक शंभरच्या पलीकडे जातात. दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. तिलावाच्या खोलीवर नखाएवढ्या जागेवर अडीचशे किलोचा भार असतो. तिथे माणसाच्या शरीराने उतरण्याचा प्रश्नच नाही.

या विद्येची सुरुवातही योगायोगाने मुंबईच्याच एका बोटीपासून करता येते. मे १९२२ मध्ये पी अँड ओ कंपनीची ‘इजिप्त’ लंडनहून मुंबईला निघाली आणि दुसऱ्याच दिवशी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाशी आपटून बुडाली. ही युद्धातली बोट नव्हे. पण तिच्यात मुंबईसाठी दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचं सोनं-चांदी होतं, आणि हैदराबादच्या निजामासाठी छापलेल्या नोटांचे गठ्ठेही होते. ती सव्वाशे मीटरच्या आसपास खोलीवर होती. त्या काळच्या पाणबुड्याला तिथे काम करणं अशक्य होतं. ‘आर्तिल्यो’ या बोटीवरच्या इटालियन लोकांनी वेगळीच युक्ती काढली. काचेच्या खिडक्या असलेल्या लोखंडी डब्यात माणूस बंद करून खाली सोडायचा. त्याने स्वतः काही उचलायचं नाही, नुसतं पाहायचं आणि टेलिफोनवरून वरच्या यारीवाल्याला सांगायचं, थोडं डावीकडे, आता उघड, आता आवळ. खाली आंधळी यारी, वर आंधळा यारीवाला, आणि मध्ये एका माणसाचे डोळे. या कामात जीवही गेले. डिसेंबर १९३० मध्ये आर्तिल्योचे लोक दुसऱ्या एका बुडालेल्या दारूगोळ्याच्या जहाजावर सुरुंग लावत होते. त्या स्फोटात आर्तिल्यो आपल्या बहुतेक माणसांसह गेली, त्यात प्रमुख पाणबुड्या आल्बेर्तो जानीही होता. १९३२ मध्ये दुसऱ्या बोटीने ते काम पुरं केलं आणि इजिप्तचं सोनं वर आलं. खोल समुद्रातल्या आजच्या साऱ्या कामाचं तत्त्व हेच आहे. डब्यातल्या माणसाच्या जागी फक्त कॅमेरा आला.

बुडालेल्या बोटीवर माणसाने स्वतः किती खोल उतरून काम केलं ते पाहायचं तर ‘एडिंबरा’ या ब्रिटिश क्रूझरकडे जावं लागतं. मे १९४२ मध्ये ती रशियाकडून सोनं घेऊन येताना उत्तर समुद्राच्याही पलीकडे, बॅरेंट्स समुद्रात बुडाली, २४५ मीटरवर. १९८१ मध्ये पाणबुड्यांना कित्येक दिवस दाबाच्या कोठडीत ठेवून, त्यांचं शरीर त्या दाबाला पूर्ण सरावल्यावर, पाळीपाळीने खाली उतरवण्यात आलं. ४६५ पैकी ४३१ सोन्याच्या विटा त्यांनी हातांनी वर काढल्या. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एडिंबरा ही युद्धदफनभूमी मानलेली होती. म्हणून स्फोटकं न वापरता, पत्रा कापून, आतल्या अवशेषांना जपून काम करण्याची अट होती. सोनंही काढता येतं आणि मृतांचा मानही राखता येतो, याची अट कंत्राटात घालता येते, हे तिथे सिद्ध झालं.

त्यापुढे यंत्रंच. १९९४ मध्ये ओमानजवळच्या समुद्रात ‘जॉन बॅरी’ या अमेरिकी जहाजातून, २,६०० मीटरवरून, तेलविहिरी खोदणाऱ्या बोटीच्या प्रचंड चिमट्याने दहा लाखांहून अधिक सौदी रियाल उपसण्यात आले. त्यात नाजूकपणा काही नव्हता. नंतरच्या वीस वर्षांत तारेने बांधलेले, वरून चालवले जाणारे यंत्रमानव आले. आधी बोटीमागून ध्वनियंत्र ओढत मैलोन्मैल तळ चाचपायचा. आवाजाची सावली दिसली की यंत्रमानव सोडायचा. त्याला खाली पोचायलाच काही तास लागतात. मग दिव्याच्या उजेडात पत्रा कापायचा, वरचा माल बाजूला करायचा आणि एकेक वीट उचलून टोपलीत ठेवायची. गेरसप्पा ४,७०० मीटरवर होती. २०१२ आणि २०१३ च्या दोन मोहिमांत तिच्यातून २,७९२ विटा, सुमारे ११० टन चांदी वर आली. सिटी ऑफ कैरो २०११ मध्ये ५,१५० मीटरवर सापडली, आणि पुढच्या दोन वर्षांत तिथून टनांवारी रुपये वर आले. एवढ्या खोलीवरून आजवर कोणी एवढं काढलं नव्हतं. ही बातमी जगाला २०१५ मध्ये कळली. काम संपवून त्या लोकांनी तळावर एक पाटी ठेवली, आम्ही इथे आदराने आलो अशा अर्थाची. ही कृती मला मनापासून भावली. अंधारात, कोणी कधी वाचणार नाही अशा जागी, कोणाला तरी असं लिहून ठेवावंसं वाटलं.

ते रुपये मात्र ब्रिटनमध्ये वितळवून विकले गेले. व्यवहार म्हणून ते रास्त असेल. तरी त्यातली मूठभर नाणी, जशी वर आली तशीच, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला मागता आली असती, द्यायलाही हवी होती. गेरसप्पाच्या चांदीतून ब्रिटिश टांकसाळीने २०१३ मध्ये छोटी नाणी पाडली आणि त्यांच्या कडेवर बोटीचं नाव कोरलं. ती संग्राहकांनी विकत घेतली.

गेरसप्पातून आणखी एक गोष्ट वर आली, आणि माझ्या मते त्या साऱ्या मोहिमेतली सर्वांत मोलाची. टपालाच्या पिशव्या. साडेचार किलोमीटरहून खोल, मालाखाली दाबलेल्या, प्राणवायू नसलेल्या गाळात त्या सत्तर वर्षं राहिल्या, आणि सातशेहून अधिक पत्रं वाचता येतील अशी निघाली. हिंदुस्थानातून नाताळाच्या सुमारास विलायतेला लिहिलेली, कधीच न पोचलेली. लंडनच्या टपाल संग्रहालयाने २०१८ मध्ये ती प्रदर्शनात मांडली. चांदीचा भाव बाजारात रोज बदलतो. पत्नीला लिहिलेलं पत्र मात्र एकच असतं. ज्यांच्या हातून ही पत्रं सुटी केली गेली, सुकवली गेली, त्यांनी खऱ्या अर्थाने बोट वर काढली असं मी म्हणेन.

आता हक्काचा प्रश्न. समुद्रात गेलेला माल आपखुशीने काढून देणाऱ्याला मालकाने मेहनताना द्यावा, हा सागरी कायद्याचा फार जुना नियम. गेरसप्पाची चांदी युद्धकाळातल्या विम्यामुळे ब्रिटिश सरकारच्या मालकीची झाली होती. सरकारने शोधकांशी आधीच करार केला, मोठा वाटा शोधकांना आणि उरलेला सरकारला. सिटी ऑफ कैरोचंही काम ब्रिटिश सरकारसाठीच झालं. तिलावाच्या बाबतीत मालक दक्षिण आफ्रिका होती आणि काढणाऱ्या कंपनीशी तिचा करार नव्हता. कंपनीने विटा साउदॅम्प्टनला आणून सरकारी अधिकाऱ्याकडे नोंदवल्या आणि मेहनताना मागितला. दक्षिण आफ्रिका म्हणाली, माल आमचा आहे, आणि परक्या सरकारवर तुमच्या न्यायालयात असा दावा चालत नाही. मुद्दा बारीक होता. सरकारी माल व्यापारी कामासाठी असेल तर दावा चालतो. पैसे मोजून, व्यापारी बोटीतून नेलेली ही चांदी व्यापारी कामात होती का? दोन न्यायालयांनी हो म्हटलं. ८ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने नाही म्हटलं. बोट व्यापारी होती, पण चांदी तिच्या पोटात नुसती पडून चालली होती, आणि पुढे जाऊन सरकारी नाणी होणार होती. निकाल येण्याआधीच दोन्ही पक्षांनी आपसांत तडजोड केली होती. तरी प्रश्न महत्त्वाचा म्हणून न्यायालयाने तो सोडवला.

मला हा निकाल योग्य वाटतो. करार न करता आधी माल काढायचा आणि मग दारात उभं राहून किंमत मागायची, या पद्धतीला त्याने आळा बसेल. पण त्या साऱ्या वादाचा विषय चांदी होता. २८० माणसं त्यात बोट का बुडाली हे सांगण्यापुरती येतात. यात न्यायाधीशांचा दोष नाही. मृतांच्या वतीने कोणी दावा लावलाच नव्हता, आणि लावायचा म्हटलं तर कोणत्या कायद्याखाली? ब्रिटनचा १९८६ चा लष्करी अवशेषांचा कायदा युद्धनौकांना संरक्षण देतो. व्यापारी जहाजांना तो लागू होतो का, यावर ‘स्टोरा’ नावाच्या जहाजावरून खटला झाला. तांड्यात चाललेलं सशस्त्र व्यापारी जहाजही लष्करी सेवेत धरता येईल, असं २००६ मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं. पण तिलावा? बायकापोरं नेणारी बोट, मागच्या बाजूला एक तोफ. युनेस्कोचा २००१ चा करार शंभर वर्षं पाण्याखाली असलेल्या अवशेषांना वारसा मानतो. म्हणजे तिलावा आणि सिटी ऑफ कैरो त्या व्याख्येत २०४२ मध्ये बसतील. भारत त्या करारात नाही, ब्रिटनही नाही. तोवर ज्याच्याकडे यंत्र आहे त्याला वाट मोकळी आहे.

खलाशांबद्दल थोडं थांबून लिहिलं पाहिजे. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा दर चौथा माणूस साधारण हिंदी होता. रत्नागिरी, राजापूर, दापोली, खेड या पट्ट्यात आजही ‘तो बोटीवर असतो’ एवढं म्हटलं की पुरतं. कोकणी मुसलमान घरांतून पिढ्यान्‌पिढ्या लोक बोटीवर गेले. वर सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, मग खलाशी, आणि खाली बॉयलरसमोर आगवाले. जेवणखाणाचं आणि केबिनचं काम मुख्यतः गोव्याच्या तारवट्यांकडे. बोट लागेपर्यंत ते धोबीतलावच्या आपापल्या गावाच्या कूडात, म्हणजे सामायिक खोल्यांत, राहायचे. गोऱ्या खलाशाच्या मानाने पगार अगदीच तुटपुंजा. टॉर्पेडो बहुधा कमरेखाली, इंजिनाच्या बाजूला लागतो आणि तिथे आगवाले असतात. थंडीचे कपडे पुरेसे नसताना उघड्या नावेत पहिला बळीही याच माणसांचा जातो. गेरसप्पावर जे पंच्याऐंशी गेले त्यांतले बहुसंख्य हिंदी खलाशी होते.

लंडनला टॉवर हिलवर व्यापारी नौदलाचं भव्य स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या जवळजवळ चोवीस हजार जणांची नावं तिथे कांस्यफलकांवर कोरली आहेत. गेरसप्पाच्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं तिथे आहेत. हिंदी खलाशांची तिथे नाहीत. ती दोन नोंदवह्यांत आहेत, सारख्याच दोन प्रती. एक चित्तगावच्या युद्धस्मशानभूमीत, दुसरी मुंबईत, मशीद बंदरच्या खलाशी घरात. सुमारे सहा हजार नावं. मशीद बंदरला रोज असंख्य माणसं उतरतात. तिथे असं काही आहे हे किती मुंबईकरांना ठाऊक असेल? आणि तिलावाचे उतारू तर खलाशीही नव्हते, सैनिकही नव्हते. युद्धस्मारकांच्या कुठल्याच चौकटीत ते बसत नाहीत.

आपल्याला बोट बुडाल्याचं दुःख माहीत नाही असं नाही. १७ जुलै १९४७ ची ‘रामदास’ अजून कोकणातल्या घरांत सांगितली जाते. १४ एप्रिल १९४४ च्या गोदीतल्या स्फोटाची आठवण म्हणून आपण दरवर्षी अग्निशमन सेवा दिन पाळतो. त्या ओळीत तिलावा आली नाही, कारण ती दूर बुडाली, युद्धाच्या बातम्यांवर बंधनं असताना बुडाली, आणि तिची माणसं आफ्रिकेत, गुजरातेत, पंजाबात, कोकणात विखुरलेली होती.

म्हणून मला जे मागावंसं वाटतं ते अगदी साधं आहे. तिलावातून विटा काढणारं यंत्र कॅमेऱ्याशिवाय चालू शकत नाही. ते चित्रण कुठेतरी आहे, आणि त्याची एक प्रत कुटुंबांना आणि आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराला मिळाली पाहिजे. यापुढे भारतातून निघालेल्या किंवा भारतीय खलाशी असलेल्या कुठल्याही बोटीवर काम करायचं असेल, तर एडिंबराच्या वेळच्या अटी त्यालाही लागू व्हाव्यात, आणि आपल्या सरकारने त्या मागाव्यात. बॅलार्ड पिअरच्या आवारात नावांसकट एक फलक असावा, उतारूंच्याही आणि खलाशांच्याही. बोटी पाण्याखाली पाहायला लोक जातात, यात मला वावगं वाटत नाही. निवृत्त युद्धनौका ‘गुलदार’ नौदलाने २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवली, निवती खडकांजवळ तळावर ठेवण्यासाठी. ती रिकामी करून, माणसं सुखरूप घरी गेल्यावर खाली न्यायची बोट. सिंधुदुर्गातल्या पोरांना तिच्यावर डायव्हिंग शिकवताना पहिल्या धड्यात तिलावाचंही नाव सांगितलं जावं.

फलक लागेपर्यंत कुटुंबांनी स्वतःच काम सुरू केलं आहे. गेलेल्यांच्या नातवंडांनी याद्या जमवल्या, देशोदेशी पत्रव्यवहार केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये, बोट बुडाल्याला ऐंशी वर्षं झाली तेव्हा, मुंबईत बॅलार्ड इस्टेटमध्ये ते एकत्र जमले. त्या पहाटे जी लहान मुलं होती आणि बर्मिंगहॅमवरून परत आली, त्यांतली अगदी मोजकी माणसं तेव्हाही हयात होती, ऐंशी-नव्वदीच्या घरातली. त्यांना आठवतो तो अंधार आणि तो आवाज अजून कोणत्याही ध्वनियंत्राला सापडलेला नाही. तो लिहून घ्यायला अडीच किलोमीटर खाली जावं लागत नाही, पण हाताशी वर्षं थोडीच आहेत.